घराखालच्या पोकळीचा विमा

२०२४च्या जूनमध्ये सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. पाऊस नुकता सुरू झाला होता आणि त्यांच्या खोलीचं दार चौकटीत अडकायला लागलं. "अगं, दार फुगलंय. पावसाळ्यात लाकूड फुगायचंच," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. गावाकडच्या घरात मीही हेच म्हटलं असतं. पण आम्ही राहतो फ्लोरिडात, टँपाच्या उत्तरेला, पास्को काउंटीत. इथे दार अडकायला लागलं की माणसं आधी जमिनीकडे बघतात. समोरच्या घरातल्या आजी या भागात तीस वर्षं राहतायत. त्यांच्याशी बोलता बोलता दाराचा विषय निघाला, तर त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या पॉलिसीत सिंकहोल आहे ना?" सिंकहोल म्हणजे खालच्या पोकळीत जमीन खचून पडणारा खड्डा.

मी म्हटलं, आहे. फ्लोरिडात प्रत्येक घराच्या विम्यात ते कायद्यानेच असतं, असं घर घेताना मला सांगितलं गेलं होतं आणि मी तेवढ्यावर विश्वास ठेवला होता.

"ते नाही, दुसरं," आजी म्हणाल्या. "घरी जाऊन नीट वाचून बघ."

त्या रात्री मी पॉलिसी वाचायला घेतली. हवं ते संरक्षण हातात पडायला तिथून पाच महिने लागले. आमच्यासारखी इथे घर घेतलेली मराठी कुटुंबं बरीच आहेत आणि त्यांतल्या अनेकांना "ते" आणि "दुसरं" यांतला फरक माहीत नाही, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

आधी इथल्या जमिनीबद्दल. आपल्याकडे पाया खणायचा तो मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत. कातळ लागला की घरातली मोठी माणसं निश्चिंत. फ्लोरिडात हा हिशेबच उलटा आहे. इथे वर वाळू आणि चिकणमाती, आणि खाली खडक लागतो तो चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि हजारो वर्षं झिरपत झिरपत हा खडक विरघळवत राहतं. खडकात भेगा पडतात, भेगांच्या पोकळ्या होतात. त्या पोकळ्या भूजलाने भरलेल्या असतात तोवर वरच्या मातीला त्या पाण्याचा आधार असतो. कोरडा काळ लांबला किंवा उपसा वाढला की पाणी खाली जातं, आधार सुटतो. मग जोराचा पाऊस झाला की वरची माती भिजून जड होते आणि खाली ओघळायला लागते. कधी वर्षानुवर्षं हळूहळू, कधी एका रात्रीत.

उपसा म्हणजे काय करू शकतो, ते २०१०च्या जानेवारीत दिसलं. प्लांट सिटीच्या आसपास स्ट्रॉबेरीची शेतं आहेत. थंडीची लाट आली तेव्हा पीक गोठू नये म्हणून शेतकऱ्यांनी रात्रीमागून रात्री पंप लावून झाडांवर पाणी फवारलं. तिथली भूजलाची पातळी काही दिवसांत साठ फुटांच्या आसपास उतरली आणि शंभराहून जास्त ठिकाणी जमीन खचली. त्यांतली काही माणसांच्या घरांखाली होती.

मोठी उदाहरणं इथल्या प्रत्येकाला पाठ आहेत. १९८१च्या मे महिन्यात विंटर पार्क गावात तीनशे फुटांहून रुंद खड्डा पडला. त्यात एक घर गेलं, गावच्या पोहण्याच्या तलावाचा मोठा भाग गेला, जवळच्या गॅरेजमधल्या पोर्शे गाड्या गेल्या. २०१३च्या फेब्रुवारीत सेफनरमध्ये एका घरात झोपलेल्या माणसाची खोलीच खाली गेली. त्याचा देह कधी सापडला नाही. ती जागा २०१५मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये उघडली. आणि २०१७च्या जुलैत आमच्याच काउंटीत, लँड ओ' लेक्सला, दोन घरं अख्खी गडप झाली. ती जागा आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही. घर घेताना आम्हाला हे माहीत होतं, आणि तरीही आम्ही पॉलिसी वाचली नव्हती. याची रुखरुख मला अजून आहे.

तर पॉलिसी. घरमालकांची इथली नेहमीची पॉलिसी एचओ-३ नावाची असते. तिच्यात "अर्थ मूव्हमेंट", म्हणजे जमिनीची कुठलीही हालचाल, सरळ वगळलेली असते. त्यानंतर फ्लोरिडाच्या कायद्यामुळे एक गोष्ट परत आत घेतलेली असते. तिचं नाव "कॅटॅस्ट्रॉफिक ग्राउंड कव्हर कोलॅप्स", म्हणजे वरची जमीन कोसळून पडलेलं भगदाड. आजी ज्याला "ते" म्हणाल्या ते हेच. नाव वाचून वाटतं, चला, झालं काम. पण खाली व्याख्या आहे आणि व्याख्येत चार अटी आहेत. जमीन एकाएकी खचली पाहिजे. खड्डा नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसला पाहिजे. घराच्या रचनेला, पायासकट, नुकसान झालेलं पाहिजे. आणि चौथी अट अशी की सरकारी यंत्रणेने ते घर राहायला अयोग्य ठरवून रिकामं करायचा हुकूम दिलेला पाहिजे. चारपैकी तीन चालत नाहीत, चारही लागतात.

मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे घर गेलं तर पैसे. घर जायला लागलं असेल तर नाही." मला यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही. भिंतीला जिन्यासारखे पायऱ्यापायऱ्यांचे तडे गेले, फरशी एका बाजूला उतरली, खिडक्या लागेनात, पाया खालून पोकळ होतोय हे भूवैज्ञानिकाने लिहून दिलं, पण घर अजून उभं आहे आणि काउंटीने ते रिकामं करायला सांगितलेलं नाही, तर या कलमाखाली एक डॉलर मिळत नाही. आणि इथली बहुतेक प्रकरणं अशीच असतात. टीव्हीवर दिसतात ती भगदाडं फार थोडी.

त्या हळू खचण्यासाठी जे लागतं ते "सिंकहोल लॉस कव्हरेज". ते वेगळं मागावं लागतं आणि त्याचा जादा हप्ता असतो. पूर्वी तसं नव्हतं. १९८१पासून कायद्याने कंपन्यांना सिंकहोलचं संरक्षण द्यावंच लागायचं. २००७मध्ये दोन भाग झाले: भगदाडाचं संरक्षण सगळ्यांना, बाकीचं ज्याला हवं त्याने विकत घ्यायचं. पुढच्या काही वर्षांत दाव्यांची संख्या भयंकर वाढली. राज्याच्या विमा नियामकाने कंपन्यांकडून माहिती मागवली तेव्हा २००६मध्ये २,३६० असलेले दावे २०१०मध्ये साडेसहा हजारांच्या वर गेलेले दिसले. २०११मध्ये कायदा आणखी आवळला गेला. "घराच्या रचनेचं नुकसान" म्हणजे काय याची मोजमापांसकट व्याख्या आली, त्यामुळे नुसत्या दिसायला वाईट अशा तड्यांना त्यात जागा उरली नाही. दावा करायला दोन वर्षांची मुदत आली. नुकसान कळलं, किंवा कळायला हवं होतं, तिथून ती मोजतात. काही घरमालकांनी दाव्याचे पैसे घेऊन घरं दुरुस्तच केली नाहीत आणि तशीच विकली, हे मी इथल्या जुन्या लोकांकडून ऐकलंय. त्यांनी केलं त्याचा भुर्दंड आता सगळे भरतायत, याचा मला राग आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या एजंटला ईमेल केलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं: तुमच्या पॉलिसीत हे कव्हरेज नाही, तुम्ही ते घेताना नाकारलं होतं. सोबत आमच्या सहीचा कागद. घर खरेदीच्या वेळी सह्या केलेल्या कागदांच्या ढिगात तो एक होता. मला तो आठवत नव्हता, पण सही माझीच होती. बँकेला कर्जासाठी वादळाचा विमा हवा होता, पुराचं काय ते तिने विचारलं होतं, पण सिंकहोलचा शब्द तिने काढला नव्हता. त्यामुळे आम्हाला त्याची आठवण करून देणारं कुणी नव्हतं.

कायद्याप्रमाणे कंपनीने हे कव्हरेज योग्य त्या जादा हप्त्यात उपलब्ध करून द्यायचं असतं. पण देण्याआधी घराची तपासणी मागायचा हक्कही कायदाच तिला देतो, आणि सगळा खेळ या तपासणीत आहे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी घर घेतलं त्याच आठवड्यात, भिंती कोऱ्या असताना, तपासणी करून घेतली असती.

तपासणीचे पैसे आम्हीच भरायचे होते. जुलैच्या मध्यावर एक गृहस्थ आले. हातात टॉर्च, टॅब्लेट, आणि तड्यांची रुंदी मोजायची पारदर्शक पट्टी. ते आमच्याशी फारसं बोलले नाहीत. घराला बाहेरून एक फेरी, आतून एक फेरी, प्रत्येक खिडकीचे कोपरे, प्रत्येक दार उघडून लावून. सासूबाईंच्या खोलीचं दार त्यांनी तीनदा लावून पाहिलं. शेवटी गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात बाहेरून गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ फोटो काढत राहिले. ते गेल्यावर मी तिथे जाऊन बघितलं. स्टकोवर, म्हणजे बाहेरच्या गिलाव्यावर, एक बारीक तडा होता. काँक्रीटच्या ब्लॉकच्या सांध्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेला. तीन वर्षं मी त्या कोपऱ्यावरून कचऱ्याचा डबा ओढत नेत होते आणि तो मला दिसला नव्हता.

दहा दिवसांनी पत्र आलं. कव्हरेज नाकारलं. कारण: बाह्य भिंतीवर खचल्याची चिन्हं.

ते पत्र हातात असताना मला खरंच भीती वाटली. विमा नाकारला याची नव्हे. विमा कंपनीच्या माणसाला घराखाली काहीतरी दिसलं असेल, आणि आता ते आमच्या एकट्यावर आलं, याची. मी त्या रात्री सासूबाईंना दुसऱ्या खोलीत झोपायला सांगितलं. त्या काही न विचारता उशी घेऊन उठल्या, यावरून त्यांनाही सगळं कळलं होतं हे मला समजलं.

पुढचा आठवडा एका प्रश्नात गेला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात अवघड भाग तोच होता. जमिनीची पूर्ण चाचणी करून घ्यायची का? इथे त्यासाठी रडार जमिनीवरून फिरवतात, मग मोजक्या जागी खोल बोअर घेऊन दर काही इंचांना मातीचा घट्टपणा पाहतात. त्यात हजारो डॉलर जातात. आमच्या ओळखीतले एक स्थापत्य अभियंता आहेत. ते म्हणाले, "ताई, आधी एक समजून घ्या. विमा नसताना चाचणी केली आणि काही सापडलं, तर ती तुम्हाला माहीत असलेली गोष्ट होते. पुढच्या प्रत्येक विमा अर्जात ती लिहावी लागेल. घर विकताना सांगावी लागेल. आणि त्याचा दावा कुठेच करता येणार नाही, कारण नुकसान विम्याच्या आधीचं."

म्हणजे न पाहण्यात सोय होती. मला ते पटत नव्हतं. घरात म्हातारं माणूस आहे, मूल आहे. खाली काय आहे ते कळलं पाहिजे, असं एक मन म्हणत होतं. नवरा म्हणाला, आपण मधला रस्ता काढू. ज्याला परवाना आहे अशा स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावू, त्याला जे दिसेल ते लिहून घेऊ, आणि त्याने "आणखी खोल बघा" म्हटलं तर विम्याचं काय व्हायचं ते होवो, आपण खोल बघू. आणि जे कळेल ते कुठल्याही अर्जात लपवायचं नाही. अर्जात खोटं लिहिलं तर दावा करायची वेळ येईल तेव्हा कंपनी पॉलिसीच रद्द ठरवू शकते. मग इतकी वर्षं भरलेल्या हप्त्याला काय अर्थ?

ऑगस्टच्या सुरुवातीला डेबी वादळाचा पाऊस झोडपून गेला, त्यानंतर इंजिनियर आले. त्यांनी घरभर फरशीची पातळी मोजली, एका यंत्राने, चाळीसेक ठिकाणी, आणि नकाशावर आकडे लिहिले. फरशी सपाट होती. बांधकामात चालतो तेवढाच फरक. मग कोपऱ्यात आले. तडा त्यांनी मोजला: इंचाचा सोळावा भाग. खालीवर एकाच रुंदीचा, भिंतीचा एक भाग दुसऱ्याच्या पुढे आलेला नाही. मग त्यांनी मला वर बघायला सांगितलं. छपराच्या पन्हळीचा पाइप नेमका त्या कोपऱ्यात उतरत होता आणि पायाला लागूनच पाणी सोडत होता. दर पावसाळ्यात अख्ख्या मागच्या छपराचं पाणी त्या एका जागी पडत होतं, आणि पायाजवळची वाळू वाहून तिथे वीतभर खळगा झाला होता. वर गवत होतं म्हणून तो दिसत नव्हता.

दाराचं म्हणाल तर बिजागरीचा स्क्रू ढिला झाला होता आणि लाकूड फुगलं होतं. सासूबाई पहिल्या दिवशीच बरोबर बोलल्या होत्या.

इंजिनियरनी एक गोष्ट फार नीट समजावली. घर खचण्याची कारणं अनेक असतात आणि सिंकहोल त्यांतलं एक. चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. बांधकामाच्या वेळी बिल्डरने खड्ड्यात झाडांचे बुंधे पुरले असतील तर ते कुजून जमीन बसते. पाण्याचा पाइप फुटून माती वाहते. वरून सगळ्यांचे तडे सारखेच दिसतात. पण सिंकहोल कव्हरेज फक्त एकाच कारणाला लागू होतं: चुनखडीत पाण्याने केलेल्या पोकळीत माती ओघळत असेल तर. म्हणून ते कव्हरेज घेतलं तरी घर बसण्याचं प्रत्येक प्रकरण त्यात येईल असं धरू नका. हे ऐकून माझ्या डोक्यातलं बरंच धुकं गेलं. तोवर मी "जमीन खचली की विमा" असंच समजत होते.

त्यांनी सही-शिक्क्याचं पत्र दिलं. दिसणारा तडा पन्हळीच्या पाण्यामुळे झालेल्या किरकोळ बसण्याशी जुळतो, फरशीत उतार नाही, वरवरच्या पाहणीत सिंकहोलची चिन्हं नाहीत. जमिनीखाली काय आहे याबद्दल हे पत्र काही सांगत नाही, हेही त्यांनी त्यातच लिहिलं. ती प्रामाणिक ओळ मला आवडली. आम्ही पन्हळीचा पाइप सहा फूट पुढे नेला, खळगा भरून माती दाबली, आणि तडा बुजवायच्या आधी पट्टी लावून, तारखेसकट, सगळ्या बाजूंनी फोटो काढले. हे फोटो काढायला त्यांनीच सांगितलं होतं. रंग मारून तडा झाकला की पुढच्या तपासनिसाला वाटतं, काहीतरी लपवलंय.

आता दुसरी कंपनी शोधायची होती. आधीचा एजंट एकाच कंपनीचा होता. या वेळी अनेक कंपन्यांचं काम करणारी स्वतंत्र एजंट गाठली. तिने पहिल्याच फोनवर मला गृहपाठ दिला: काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्टच्या, म्हणजे कोर्टाच्या दप्तराच्या, नोंदी बघून या. फ्लोरिडात सिंकहोलच्या दाव्याचे पैसे दिले गेले की कंपनीला तो तपासणी अहवाल तिथे नोंदवावा लागतो. आणि घर विकणाऱ्याला खरेदीदाराला सांगावं लागतं की दाव्याचे पैसे मिळाले होते, आणि ते सगळे दुरुस्तीला वापरले की नाही. आमच्या घराच्या नावावर काही नव्हतं. आमच्या गल्लीत मात्र एक घर निघालं. त्याच्या पायाखाली पंप लावून सिमेंटचं मिश्रण दाबून भरलेलं होतं; इथे त्याला ग्राउटिंग म्हणतात. मला वाटलं, आता आपलं संपलं. एजंट म्हणाली, उलट. नीट दुरुस्त झालेलं, कागद असलेलं घर कंपन्यांना कळतं. त्यांना भीती असते ती न तपासलेल्या तड्यांची. तरीही काही कंपन्या जवळ नोंद असली की अंतर मोजतात आणि नको म्हणतात. तिने विचारलेल्या दोन कंपन्यांनी तसंच केलं.

तिसरी तयार झाली, तपासणीच्या अटीवर. मी या वेळी प्रश्न लिहूनच बसले होते. स्वतःचा वाटा, म्हणजे डिडक्टिबल, किती? कायद्यात घराच्या विमा रकमेच्या १, २, ५ किंवा १० टक्के असे पर्याय आहेत, पण आम्हाला मिळत होता तो दहाचाच. आमचं घर ३ लाख ८० हजार डॉलरला विमा केलेलं, म्हणजे पहिले ३८ हजार आमचे. नवऱ्याला ते फार वाटलं. मलाही. पण ग्राउटिंगचं बिल पाच आकडी सहज होतं आणि पायाखाली लोखंडी खांब ठोकायची वेळ आली तर सहा आकड्यांत जातं. त्या पातळीचं संकट आम्हाला एकट्याने पेलणारं नाही. ३८ हजार कर्ज काढून का होईना, उभे करता येतील. आम्ही हो म्हटलं.

दुसरा प्रश्न, कशाकशाला लागू? फक्त मुख्य घराला. कायदा कंपन्यांना तेवढी मुभा देतो. म्हणजे पोहण्याचा तलाव, गाडीरस्ता, कुंपण, मागची शेड खचली तर ते आपलं आपण बघायचं. तिसरा, दावा केला तर पैसे हातात येतात का? इथे मला बरं वाटलं. कंपनीने दावा मान्य केला की दुरुस्तीचा करार ९० दिवसांत करावा लागतो आणि मोठी रक्कम कामाच्या ओघाने मिळते. काही जणांना हे जाचक वाटतं. मला वाटतं हे असंच असलं पाहिजे. कंपनीने चाचणी न करताच दावा नाकारला तर आपण चाचणी मागू शकतो; तेव्हा खर्चाचा अर्धा भाग किंवा २,५०० डॉलर, यांतलं जे कमी ते आपण द्यायचं, आणि सिंकहोल निघालं तर तेही परत मिळतं. मतभेद झाले तर राज्याच्या वित्तीय सेवा विभागाकडून तटस्थ तज्ज्ञ मागता येतो. हे मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसलं नाही; एजंटने कायद्याची कलमं काढून वाचायला दिली.

सप्टेंबरच्या शेवटी अर्ज तयार झाला आणि मेक्सिकोच्या आखातात हेलीन वादळ आलं. वादळ जवळ आलं की कंपन्या नवीन विमा देणं थांबवतात. हेलीन २६ सप्टेंबरला उत्तरेकडे किनाऱ्याला लागलं, तपासणीची तारीख पुढे गेली, आणि ती येण्याआधी मिल्टन आलं. ९ ऑक्टोबरच्या रात्री ते आमच्या दक्षिणेला, सिएस्टा कीजवळ, जमिनीवर आलं. आमच्याकडे रात्रभर पाऊस इतका की पन्हळीचा आवाज थांबेचना. आम्ही सगळे घराच्या मधल्या बोळात गाद्या टाकून होतो. वाऱ्याची भीती सगळ्यांनाच होती. मी मात्र कान लावून होते तो खाली. कोरड्या महिन्यांनंतर नव्हे, ओल्या जमिनीवर हा पाऊस पडतोय, हे चांगलं की वाईट याचा मी विचार करत राहिले आणि उत्तर मिळालं नाही.

सकाळी वीज नव्हती. मी पहिल्यांदा गॅरेजच्या कोपऱ्यात गेले. बुजवलेली रेघ तशीच होती, केसभरही उघडली नव्हती. भरलेली माती बसली नव्हती. पुढचे काही दिवस आसपासच्या वस्त्यांमधून जमीन खचल्याच्या बातम्या येत राहिल्या, रस्त्याकडेला, तळ्यांच्या काठाला. आम्ही रोज सकाळी घराला एक फेरी मारायचो. सासूबाईही यायच्या, काठी टेकत, आणि गवतात कुठे मऊ लागतं का ते काठीनेच बघायच्या.

ऑक्टोबरच्या अखेरीस दुसऱ्या कंपनीची तपासणी झाली. या वेळी मी इंजिनियरचं पत्र, फरशीच्या मोजणीचा नकाशा, दुरुस्तीच्या पावत्या आणि आधीचे-नंतरचे फोटो एका फाइलमध्ये लावून ठेवले होते. पहिल्या कंपनीने नाकारल्याचंही पत्र त्यातच होतं. अर्जात तो प्रश्न होता आणि आम्ही खरं लिहिलं होतं. तपासणीला आलेल्या बाईंनी फाइल जेवणाच्या टेबलावर बसून पूर्ण वाचली, मग कोपऱ्यात जाऊन रेघेवर बोट फिरवलं. "वादळात हलली नाही?" असं विचारलं. मी म्हटलं, नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवी पॉलिसी आली. मी पहिल्या पानावरचा हप्ता न बघता थेट जोडपानं उलटली. "सिंकहोल लॉस कव्हरेज" असं एक स्वतंत्र पान होतं, खाली दहा टक्के, आणि पहिल्या पानावर त्याचा क्रमांकही होता. हे दोन्हीकडे असावं लागतं. नुसतं एजंटच्या ईमेलमध्ये असून उपयोग नाही. संध्याकाळी समोरच्या आजींना ते पान दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि स्वतःची पॉलिसी आणून माझ्यासमोर ठेवली. त्यांच्याकडे ते पान होतं, पण गेल्या वर्षी त्यांची कंपनी बदलली होती आणि त्यांनी ते जुन्या पॉलिसीत पाहिलं होतं. आम्ही दोघींनी नवी पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटली. नव्यात ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या भिंतींचे फोटो काढायला मी पट्टी घेऊन गेले.